उत्तर नाही, हे सॉल्व्हरला कधी कळतं?

एका वॉर्डात २० परिचारिका आहेत. रोज सकाळपाळीला ८, दुपारपाळीला ७ आणि रात्रपाळीला ३ जणी लागतात. एकीला दिवसात एकच पाळी आणि आठवड्यात जास्तीत जास्त ६. हा ड्युटी-तक्ता ऑप्टिमायझेशनच्या सॉफ्टवेअरला, म्हणजे सॉल्व्हरला दिला, तर ४२० चल तयार होतात: कोणती परिचारिका आठवड्यातल्या २१ पाळ्यांपैकी कोणत्या पाळीला, हो असेल तर १, नाही तर ०. अटी होतात १८१: मनुष्यबळाच्या २१, साप्ताहिक मर्यादेच्या २० आणि 'दिवसाला एकच'च्या १४०.

हा तक्ता बसूच शकत नाही. भरायच्या पाळ्या १८ गुणिले ७, म्हणजे १२६. हातात २० गुणिले ६, म्हणजे १२०. अशा मॉडेलला इनफिझिबल म्हणतात: सगळ्या अटी एकाच वेळी पाळणारं एकही उत्तर नसतं.

सॉल्व्हर सर्वात आधी प्रीसॉल्व्ह नावाची छाननी करतो. ब्रिअर्ली, मित्रा आणि विल्यम्स यांच्या १९७५च्या शोधनिबंधातल्या कल्पना त्यात आजही वापरल्या जातात. प्रत्येक अट सुटी घ्यायची आणि चलांच्या मर्यादांवरून तिची बेरीज किमान किती, कमाल किती होऊ शकते ते काढायचं. सोमवारच्या सकाळपाळीला ८ ऐवजी चुकून ८० टाइप झालं असेल, तर कमाल बेरीज २० आणि मागणी ८०. मॉडेल तिथेच, क्षणात बाद. आकडे भरतानाच्या बऱ्याच चुका अशाच सापडतात. पण आपला घोळ इथे दिसत नाही. ८ जणी हव्यात आणि २० आहेत, ही अट एकटी ठीक. एकीला ६ पाळ्या, तीही ठीक. तूट दिसते ती ४१ अटी एकत्र पाहिल्यावरच.

प्रीसॉल्व्ह एका अटीतून मिळालेली मर्यादा दुसरीत नेतो, पण तिथेही गोम आहे. क्ष हा य पेक्षा किमान १ ने मोठा हवा आणि य हा क्ष पेक्षा लहान नको, दोघेही ० ते १० लाखांच्या आत. उघड विसंगती. तरी मर्यादा एकेक पायरीने सरकतात: क्ष किमान १, मग य किमान १, मग क्ष किमान २... शेवट गाठायला लाखो फेऱ्या. म्हणून सॉल्व्हर फेऱ्यांवर मर्यादा घालतात आणि काम पुढच्या टप्प्याकडे देतात.

पुढचा टप्पा रेषीय गणिताचा. चल ० आणि १ यांच्या मधलेही चालतील असं धरून सगळ्या अटी एकत्र सोडवायच्या. इथे ग्युला फार्कश या हंगेरियन गणितज्ञाचं १९०२चं प्रमेय कामाला येतं: रेषीय अटी एकत्र पाळता येत नसतील, तर त्यांना योग्य गुणकांनी गुणून बेरीज केल्यावर धडधडीत खोटं विधान मिळतंच. आपल्या मॉडेलमध्ये मनुष्यबळाच्या २१ अटींना गुणक १, साप्ताहिक मर्यादेच्या २० अटींना उणे १ आणि उरलेल्या १४० अटींना ०. बेरीज: शून्य हे ६ पेक्षा मोठं किंवा सहाइतकं आहे. अशक्यतेचा हा पुरावा कोणालाही कागदावर तपासता येतो, आणि तो किती साधा आहे याचं मला दरवेळी अप्रूप वाटतं.

या ४१ मधूनही छाटणी होते. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठाचे जॉन चिनेक यांनी या विषयावर पायाभूत काम केलं. एक अट काढायची, मॉडेल पुन्हा तपासायचं. तरीही अशक्यच असेल तर ती अट कायमची बाहेर, शक्य झालं तर ती परत आत. शेवटी उरतो तो असा किमान संच, ज्यातली कोणतीही एक अट काढली की गाठ सुटते. त्याला आयआयएस (इररिड्युसिबल इनफिझिबल सबसिस्टिम) म्हणतात. आपल्याकडे एका सकाळची अट काढली तर मागणी ११८, एका दुपारची काढली तर ११९. दोन्ही जमतात, म्हणून त्या आत राहतात. एका रात्रीची काढली तर १२३, अजून अशक्य, म्हणून ती बाहेर. पुढची रात्र काढली तर नेमके १२०, म्हणून ती आत. उरतात ४० अटी. बाहेर गेलेली रात्र निर्दोष नाही, ती फक्त आधी तपासली गेली. या ४१ मधून असे सात वेगवेगळे संच निघू शकतात. अहवालात न आलेली अट बरोबरच आहे असं धरणं, ही इथली नेहमीची चूक.

आता २१वी परिचारिका आली. १२६ला १२६, तक्ता बसतो. मग नियम येतो: रात्रपाळी द्यायची तर आठवड्यात दोन रात्री, नाही तर एकही नाही. रात्रीच्या पाळ्या २१, विषम. पुन्हा अशक्य, पण रेषीय गणिताला ते कळत नाही. प्रत्येकीला 'अर्धी जोडी' देऊन ते मोकळं होतं. मग फांद्या पाडणं सुरू: एकेक चल आधी ० आणि मग १ धरून प्रत्येक शक्यता, म्हणजे गाठ, वेगळी तपासायची. फक्त 'रात्रपाळी घेणाऱ्या परिचारिका गुणिले २ बरोबर २१' हे एक समीकरण घेऊन छाननीशिवाय शोध घेतला, तर क्रम कोणताही असो, १४,१०,८६३ गाठी तपासाव्या लागतात. तेच समीकरण २ने भागलं की पूर्णांकांची बेरीज १०.५ येते आणि विषय एका ओळीत संपतो. अडचण अशी, की मूळ मॉडेलमध्ये हे समीकरण लिहिलेलंच नसतं. ते सात रात्रींच्या अटींत विखुरलेलं असतं. म्हणून एकूण मागणी आणि एकूण उपलब्धता यांच्या अटी वरकरणी अनावश्यक वाटल्या तरी हाताने लिहाव्यात.

काही सॉल्व्हर 'इनफिझिबल किंवा अनबाउंडेड' असा संदिग्ध निकाल देतात. अनबाउंडेड म्हणजे उद्दिष्ट, म्हणजे जो आकडा कमाल किंवा किमान करायचा तो, अमर्याद सुधारत जातो. तेव्हा उद्दिष्ट शून्य करून मॉडेल पुन्हा चालवा. उत्तर आलं तर मॉडेल अनबाउंडेड आहे, नाही आलं तर इनफिझिबल.

उलटा धोकाही असतो. यंत्राचं उत्पादन त्याच्या चालू-बंद (१ किंवा ०) चलाच्या १० लाख पटीपेक्षा जास्त नको अशी अट लिहिली, आणि ०.००००१ इतका फरक असला तरी चल पूर्णांक मानायची सूट सॉल्व्हरला असली, तर 'बंद' यंत्रातूनही १० नग निघू शकतात. अशक्य मॉडेल मग शक्य दिसतं. १० लाखांऐवजी गुणक यंत्राच्या खऱ्या क्षमतेइतकाच ठेवावा.

दुरुस्तीसाठी प्रत्येक मागणीत 'तूट' असा एक चल घालून एकूण तूट किमान करायला सांगावं. पहिल्या मॉडेलसाठी सॉल्व्हर ६ हा आकडा देतो. सहा पाळ्या, म्हणजे बरोबर एक परिचारिका.