पत्रकाराचे दप्तर (मराठवाडा)

पत्रकाराचे दप्तर : बातमीदाराने किंवा संपादकाने हयातभर साठवलेल्या कागदांचा संग्रह. कात्रणे, टिपणवह्या, बातम्यांचे कच्चे खर्डे, वाचकांची पत्रे, तारा, सभांची पत्रके, न छापलेला मजकूर आणि अंकांच्या बांधीव फाईली हे सगळे त्यात येते. घरातली माणसे त्याला बहुधा ‘रद्दी’ म्हणतात. मराठवाड्यात या रद्दीला वेगळे मोल आहे, आणि त्याचे कारण १९४८ पूर्वीच्या कारभारात सापडते.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. रयतेची भाषा मराठी, कचेरीची आधी फारसी आणि मग उर्दू. तारखा फसली सनाच्या, म्हणजे महसुली वर्षाच्या. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन निघतो, असे साधारण सांगितले जाते. पण संस्थानातले हे वर्ष ऑक्टोबरात, आजूर महिन्याने सुरू होई. संस्थान भारतात आणणारी १९४८ची पोलीस कारवाई झाली ती फसली १३५७च्या आबानात, म्हणजे वर्षाच्या शेवटच्या महिन्यात. नुसती बेरीज करणारा ती १९४७ मध्ये नेऊन बसवतो. संस्थानी कागदांचा मोठा साठा आज हैदराबादेत, तेलंगणाच्या अभिलेखागारात आहे. परभणीच्या अभ्यासकाला आपल्याच तालुक्याचा इतिहास हवा असेल, तर आधी उर्दू शिकावी लागते आणि मग गाडी पकडावी लागते.

मराठी बाजू टिकली ती मुख्यतः छापखान्यांमुळे. ‘निजाम विजय’ १९२० मध्ये हैदराबादेत निघाले. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढले तेही पुण्याहून. संस्थानात त्यावर बंदी येई, मग नाव बदलून अंक काढावा लागे. त्यामुळे ग्रंथालयाच्या नोंदवहीत एकच नाव धरून शोधणाऱ्याला मधले अंक गायब वाटतात. जुन्या कार्यकर्त्याच्या पेटीत ते दुसऱ्याच नावाने निघू शकतात. पुढे याच पत्राचे संपादक झालेले अनंत भालेराव (१९१९–१९९१) स्वतः निजामाविरुद्धच्या लढ्यातले. ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा ग्रंथ त्यांनी लिहिला. इकडे पत्रकार आणि इतिहासकार ही दोन माणसे पुष्कळदा एकाच खुर्चीत बसलेली असतात.

तालुका वार्ताहराचे दप्तर साधे असते, पण त्यात जास्त काही हाती लागते. बातमीचे पाकीट तो एस.टी.च्या कंडक्टरकडे देई. शहरात गेलेल्या मजकुरातले निम्मे काटले जाई आणि मूळ खर्डा घरी राही. जे छापले ते ग्रंथालयात मिळते. जे गाळले ते फक्त इथेच. १९७२चा दुष्काळ, जायकवाडीच्या पाण्याखाली गेलेली गावे, १९७४चे विकास आंदोलन यांच्या बारीकसारीक नोंदी अशा वह्यांत शोधाव्या लागतात. किल्लारी हे त्याचे चांगले उदाहरण. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. मात्र किल्लारी परिसरात १९९२च्या ऑक्टोबरपासूनच धक्के जाणवत होते. अशी बातमी आतल्या पानावर एका स्तंभात येते आणि विसरली जाते. कात्रण ठेवणाऱ्याने ती ठेवलेली असते.

या दप्तराला बाजू असते, हेही नोंदवले पाहिजे. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याच्या, म्हणजे नामांतराच्या वादात ‘मराठवाडा’ पत्राची भूमिका विरोधाची होती. विधिमंडळाच्या जुलै १९७८च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४च्या नामविस्तारापर्यंतचा काळ एकाच संपादकाच्या फाईलवरून लिहिणे म्हणजे अर्धी वस्ती वगळून गावाचा नकाशा काढणे होय. दलित कार्यकर्त्यांकडची पत्रके आणि पत्रे शेजारी ठेवल्याशिवाय असे दप्तर वाचू नये.

हौशीने जमवलेल्या वस्तूंतून संस्था उभी राहू शकते हे धाराशिव जिल्ह्यातल्या तेरने दाखवले आहे. प्राचीन तगर म्हणजेच हे गाव. तिथले शासकीय संग्रहालय रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहावर उभे आहे. मातीच्या मूर्तींना जे भाग्य लाभले, ते कागदाला क्वचितच लाभते. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या हलक्या लगद्याचा. तो आपल्याच आम्लाने पिवळा पडतो, घडीवर तुटतो. उरलेले काम वाळवी आणि कसर करतात. चिकटपट्टी तर कसरीहून वाईट.

कात्रणात आणखी एक खोट असते. तारीख पानाच्या माथ्यावर छापलेली, आणि कात्री चालते मधल्या बातमीभोवती. मालकाने समासात ‘ता.’ लिहून ठेवले नसेल, तर कागद उलटा करावा. मागे सिनेमाची जाहिरात किंवा मोंढ्यातले (धान्यबाजारातले) ज्वारीचे भाव असतात. त्यावरून निदान महिना ठरवता येतो.

दप्तर ताब्यात घेणाऱ्याने गठ्ठे विषयवार लावण्याची घाई करू नये. मालकाने कशाशेजारी काय ठेवले होते, हीही नोंदच असते. गंजलेल्या टाचण्या मात्र काढाव्यात. गंजाचा ठिपका मागे राहतो, तो राहू द्यावा. कोणती दोन कात्रणे एकत्र टाचलेली होती, हे पुढे त्या ठिपक्यावरूनच जुळवता येते.