गोळी सोडायची घाई आणि शेवटचे पाच मिलिग्रॅम

२०२५ च्या ऑक्टोबरात 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात एक मोठा अभ्यास आला. ३० अँटीडिप्रेसंट म्हणजे डिप्रेशनवरची औषधं, दीडशे चाचण्या, ५८ हजारांवर माणसं, आणि बघितलं काय तर वजन, नाडी, बीपी, कोलेस्टेरॉल या गोष्टी कुठल्या औषधानं किती बदलतात. अभ्यास महत्त्वाचा आहे, पण आमच्याकडे म्हापशात तो पोचला व्हॉट्सअ‍ॅपवरून आणि एका ओळीत, "डिप्रेशनच्या गोळीनं चार किलो वजन वाढतं". मी फार्मसीच्या काउंटरवर उभी असते त्यामुळे असल्या फॉरवर्डचा परिणाम मला लगेच दिसतो, महिन्याच्या सगळ्या पट्ट्या एकदम नेणारी माणसं एकच पट्टी मागतात, कुणी आजूबाजूला बघून हळूच विचारतं, "बाय, ही टेन्शनची गोळी सोडली तर चालेल ना गो?"

आधी त्या चार किलोंचं बघू. ॲगोमेलॅटिन घेणाऱ्यांचं वजन साधारण आठ आठवड्यांत सरासरी २.४ किलो कमी झालं आणि मॅप्रोटिलिन घेणाऱ्यांचं १.८ किलो वाढलं, या दोन टोकांमधलं अंतर म्हणजे ते चार किलो. म्हणजे हा फरक दोन औषधांमधला आहे, कुणा एकाचं वजन चार किलो वाढलं असं तिथं म्हटलेलंच नाही. आणि मॅप्रोटिलिनचं प्रिस्क्रिप्शन माझ्या काउंटरवर कुणी आणत नाही, येतात ती एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन, फ्लुओक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन, ड्युलोक्सेटिन, मिर्टाझापिन.

या रोजच्या औषधांबद्दल २०२४ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला होता, १ लाख ८३ हजार रुग्णांच्या नोंदींचा. सर्ट्रालिनवर सहा महिन्यांत सरासरी वाढ पाव किलोच्या आतबाहेर. एस्सिटालोप्राम, पॅरोक्सेटिन आणि ड्युलोक्सेटिन त्याच्यापेक्षा आणखी तीनशे-चारशे ग्रॅमनी पुढे. ब्युप्रोपिऑन थोडं मागे. सर्ट्रालिनवर दोन वर्षं झाली की दीड किलो. सरासरी ही अशी लहान दिसते पण सरासरी कुणाच्याच अंगावर चढत नाही, काहींचं काहीच वाढत नाही आणि काहींचं सहा-सात किलो वाढतं, त्या माणसाला "सरासरी पाव किलो आहे" सांगून काय उपयोग? त्याची तक्रार खरी असते आणि ती डॉक्टरनं ऐकून घ्यायलाच हवी.

वाढतं का, तर एक कारण सरळ आहे. मिर्टाझापिन आणि जुनी अ‍ॅमिट्रिप्टिलिन ही औषधं हिस्टामिनचा एच-वन रिसेप्टर (रिसेप्टर म्हणजे पेशीवरची निरोप घेणारी जागा) अडवतात, ॲलर्जीच्या जुन्या गोळ्या अडवतात तोच, म्हणून गुंगी येते आणि भूकही खवळते. दुसरं कारण जरा गुंतागुंतीचं. यातल्या बहुतेक गोळ्या सेरोटोनिन हे पेशींमध्ये निरोप नेणारं रसायन वाढवतात. ते हायपोथॅलॅमस या मेंदूतल्या भूक सांभाळणाऱ्या भागात टू-सी नावाच्या रिसेप्टरवरून "पोट भरलं" असा निरोप देतं, म्हणून सुरुवातीला बऱ्याच जणांची भूक उलट कमी होते आणि पुढे महिन्यांनी, बहुधा ते रिसेप्टर मंदावले की, वजन हळूहळू चढायला लागतं. आणि तिसरं कारण लोक विसरतात, डिप्रेशनमध्ये ज्याच्या घशाखाली पेजसुद्धा उतरत नव्हती तो बरा झाला की जेवायला लागतो, मग कपडे घट्ट होणारच.

बाकीचे साइड इफेक्ट थोडक्यात सांगते. पहिल्या आठवड्यात मळमळ होते कारण शरीरातलं नव्वद टक्के सेरोटोनिन मेंदूत नसून आतड्यात असतं. घाम सुटतो. लैंगिक इच्छा कमी होते, याबद्दल काउंटरवर कुणीही विचारत नाही आणि गोळी सोडण्यामागे मात्र हे कारण पुष्कळदा असतं. म्हाताऱ्या माणसांत रक्तातलं सोडियम उतरू शकतं, आजी अचानक गोंधळल्यासारखं बोलायला लागली तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका, रक्त तपासा. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींवर पहिले काही आठवडे घरच्यांनी नीट लक्ष ठेवायचं, आत्महत्येचे विचार त्या काळात वाढू शकतात.

पण मला हा लेख लिहावासा वाटला तो वेगळ्याच गोष्टीसाठी. वजनाला घाबरून माणसं गोळी एकदम सोडतात आणि मग जे होतं ते त्यांना कुणी आधी सांगितलेलं नसतं.

आमच्या नात्यातली एक वहिनी, तिला विचारूनच लिहितेय. पॅरोक्सेटिन घेत होती, दोन वर्षं छान चाललं होतं. चवथीच्या म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधी साडीवरचा ब्लाऊज होईना म्हणून कुणाला न सांगता गोळी बंद केली. तिसऱ्या दिवशी नेवऱ्या तळत होती, कुणीतरी हाक मारली म्हणून मान वळवून बाजूला बघितलं तर डोक्यात करंट बसल्यासारखा झटका, क्षणभराचा, आणि पाठोपाठ तोल गेला. झारा हातातून सुटला. मग दिवसभर तेच, डोळे इकडून तिकडे फिरवले की झटका. रात्री घामाने भिजून उठायची, स्वप्नं भयानक, आणि कारण नसताना रडू. घरात माटोळी बांधायची गडबड आणि सासूबाईंनी ठरवलं की देवचाराचं, म्हणजे गावच्या राखणदाराचं, काहीतरी राहून गेलंय, गाऱ्हाणं घालणाऱ्या घाडीकडे नेऊया. नेलंसुद्धा. नारळ, कोंबडा, गाऱ्हाणं सगळं झालं आणि झटके होते तसेच. देवचाराला नारळ ठेवणाऱ्याच्या श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण आजारी बाईला उपाशी बसवून धुरात श्वास घ्यायला लावणं याला मी श्रद्धा म्हणणार नाही, आणि त्यात गेलेले चार दिवस तिनं फुकट भोगले. डॉक्टरनं गोळी परत सुरू केली तेव्हा दोन दिवसांत झटके गेले.

याचं कारण समजून घ्यायला मेंदूत थोडं शिरावं लागेल, जरा सावकाश वाचा. दोन चेतापेशींच्या मधल्या फटीत सेरोटोनिन सोडलं जातं आणि काम झालं की एक प्रथिन ते परत आत ओढून घेतं. या प्रथिनाला ट्रान्सपोर्टर म्हणतात. एस्सिटालोप्राम किंवा पॅरोक्सेटिन या ट्रान्सपोर्टरमध्ये जाऊन बसतं, ओढणं बंद पडतं, फटीत सेरोटोनिन जास्त वेळ राहतं. महिनोन्‌महिने असं राहिलं की पलीकडची पेशी त्याच्याशी जुळवून घेते, तिचे रिसेप्टर कमी होतात किंवा मंदावतात. आता गोळी अचानक गेली तर सेरोटोनिन लगेच उतरतं पण रिसेप्टर लगेच परत येत नाहीत, त्यांना आठवडे लागतात, कधी महिने. या मधल्या काळात शरीर जो त्रास देतं तो विथड्रॉवल.

पॅरोक्सेटिन साधारण २१ तासांत निम्मं होतं, म्हणजे तिसऱ्या दिवशी वहिनीच्या रक्तात एक दशांशसुद्धा उरलं नव्हतं. व्हेन्लाफॅक्सिन पाच तासांत निम्मं होतं, त्याचा शरीरात तयार होणारा भाऊबंद अकरा तासांत, म्हणून ते घेणाऱ्याला सकाळची गोळी चुकली की संध्याकाळी कळतं. फ्लुओक्सेटिन आणि त्याचा भाऊबंद आठवडेच्या आठवडे रेंगाळतात, म्हणून ते सोडताना त्रास कमी.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. टोरांटोच्या संशोधकांनी २००४ साली मेंदूचं 'पेट' (PET) स्कॅनिंग करून बघितलं की नेहमीच्या किमान डोसला किती ट्रान्सपोर्टर अडतात. पाच वेगवेगळी औषधं आणि उत्तर जवळपास एकच, ८० टक्के. म्हणजे नेहमीचा लहान डोससुद्धा बहुतेक जागा भरून टाकतो. जत्रेच्या नाटकाला पहिली शंभर माणसं येतात तेव्हा प्रत्येकाला खुर्ची मिळते, मांडव भरत आला की पुढच्या शंभरातल्या दहांनाच मिळते आणि बाकीचे मागे उभे, तसंच. डोस दुप्पट केला म्हणून परिणाम दुप्पट होत नाही, आणि हे उलट्या बाजूनेही खरं आहे, डोस निम्मा केला म्हणून परिणाम निम्मा होत नाही.

त्या पाचांतल्या सिटालोप्रामचे आकडे घेऊ. २० मिलिग्रॅमला सुमारे ८० टक्के. १० ला ७२ टक्के. ५ ला ५९. आणि शून्याला अर्थातच शून्य. परत बघा. २० वरून १० वर आलो, डोस निम्मा झाला आणि परिणाम आठ-नऊ टक्क्यांनी उतरला, माणूस म्हणतो काहीच झालं नाही. १० वरून ५, तेरा टक्के, थोडं जाणवलं. मग वाटतं आता काय, पाचच तर राहिलेत, सोडून देऊ. आणि त्या शेवटच्या पाच मिलिग्रॅममध्ये ५९ टक्के बसलेले असतात. एका झटक्यात. म्हणूनच हळूहळू कमी करून सोडली तरी त्रास झालाच अशी जी माणसं सांगतात ती खोटं बोलत नसतात, त्यांनी कागदावर हळू कमी केलेली असते, मेंदूत नाही.

ज्यांना अकरावी-बारावीचं गणित आठवतंय त्यांच्यासाठी, हा वक्र हायपरबोला आहे. ९२ ला डोसनं गुणा आणि (डोस अधिक २.८५) नं भागा, मोबाइलवर करून बघा, वरचे आकडे येतात. आता उलट गणित मांडा, परिणाम दर वेळी साधारण दहा टक्क्यांनीच उतरवायचा असेल तर डोस कसा जाईल? २० वरून ९, मग ५.४, ३.४, २.३, १.५, ०.८, ०.४ आणि मग शून्य. पहिली पायरी अकरा मिलिग्रॅमची आणि शेवटची अर्ध्याहून कमी. हॉरोविट्झ आणि टेलर या दोन संशोधकांनी २०१९ साली हेच मांडलं आणि ब्रिटनच्या डिप्रेशनवरच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये, डोस जितका उरलाय त्याच्या प्रमाणात कमी करत जा असं आलं. या पद्धतीवर मोठ्या चाचण्या अजून थोड्याच झाल्यात हेही सांगायला हवं, पण गणित पक्कं आहे आणि पेशंटच्या अनुभवाशी जुळतं.

याच गणितानं एक दिवसाआड गोळी घेण्याचा उपाय चुकीचा ठरतो, आणि तो इथं सर्रास चालतो. पॅरोक्सेटिन एक दिवसाआड घेतलं तर ४८ तासांनी रक्तात पाचवा हिस्सा उरतो, परत गोळी, परत उतार. दर दोन दिवसांनी लहानसा विथड्रॉवल. फक्त फ्लुओक्सेटिनला ते चालून जातं.

आणि ते डिटॉक्स. आमच्या किनाऱ्यावर मोरजी-हरमलपासून बोर्ड लागलेत, ज्यूस प्या, घाम काढा, शरीरातली केमिकल्स बाहेर फेका. औषध शरीरातून जायला कुणाची मदत लागत नाही, ते आपणहून काही दिवसांत जातं, आणि ते गेल्यामुळेच तर त्रास होतो! जे हळू जायला हवं ते लवकर काढून देतो म्हणून हजारो रुपये घेणारे लोक आहेत हे. गोळ्या ठेवून या म्हणतात तिथं जाऊ नका.

मग हे व्यसन आहे का? नाही. व्यसनात डोस वाढवत न्यावासा वाटतो, तलफ येते, माणूस सगळं सोडून त्याच्या मागे लागतो. इथं कुणाला तलफ येत नाही, शरीराला फक्त सवय झालेली असते, बीपीच्या काही गोळ्याही एकदम सोडल्या तर बीपी उसळतं. आणि सगळ्यांना त्रास होतो असंही नाही. २०२४ च्या एका मोठ्या पाहणीत औषध सोडणाऱ्या ३१ टक्क्यांना लक्षणं आली, पण तुलनेसाठी दिलेली, आत औषधच नसलेली गोळी सोडणाऱ्या १७ टक्क्यांनाही आली, म्हणजे खऱ्या औषधामुळे सहा-सातांत एकाला. गंभीर त्रास पस्तिसांत एकाला. हे आकडे बरेचसे कमी काळ औषध घेतलेल्यांचे आहेत, वर्षानुवर्षं घेतलेल्यानं जास्त जपून सोडावं.

एक फरक घरच्यांना ओळखता यायला हवा, विथड्रॉवल की आजार परत आलाय. गोळी सोडल्यावर दोन-चार दिवसांत सुरू झालं, झटके, चक्कर, मळमळ अशी आधी कधी नव्हती ती लक्षणं असली आणि गोळी परत घेतल्यावर पटकन थांबलं तर विथड्रॉवल. आठवड्यांनी-महिन्यांनी हळूहळू तीच जुनी उदासी, झोप उडणं, कशातच जीव न लागणं, तर आजार. आजार परत येतो हे खरं आहे. ब्रिटनमध्ये २०२१ साली छापून आलेल्या चाचणीत बरी असलेली माणसं दोन गटांत वाटली, गोळी चालू ठेवलेल्यांत वर्षभरात ३९ टक्क्यांना डिप्रेशन परत आलं, हळूहळू बंद केलेल्यांत ५६ टक्क्यांना. म्हणजे सोडलेल्यांतही बरेच जण ठीक राहिले, पण सोडणं हा निर्णय विचार करून घ्यायचा आहे, ब्लाऊज बघून नाही. आणि आधार फक्त गोळीचाच असतो असं नाही, आपल्या गोव्यातच 'संगत' संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत चाचणी केली होती, २०१७ ला लॅन्सेटमध्ये आली. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ वेळा बसून बोलायचं, माणसाला परत रोजच्या कामात गुंतवायचं, एवढंच. तीन महिन्यांनी ६४ टक्के बरे, नुसत्या नेहमीच्या उपचारात ३९ टक्के. गोळी कमी करायच्या काळात असं बोलणारं कुणी असेल तर मोठा आधार होतो.

वजन वाढत असेल तर डॉक्टरला आकडा सांगा, सुरू करताना किती होतं आणि आता किती, औषध बदलता येतं, नवीन गोळीपासून पहिले तीन महिने महिन्यातून एकदा वजन करून लिहून ठेवा. बंबोळीच्या मनोरुग्णालयाची ओपीडी आहे, तिथं जायला लाज वाटत असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, फुकट आहे. आणि गोळी कमी करायची ठरलीच तर पट्टीवरचं नाव नीट वाचून या. मधे रेघ असलेली साधी गोळी अर्धी होते, पाव करायला पिल कटर मिळतो. पण नावापुढे सीआर, एक्सआर, ईआर असलेल्या, म्हणजे औषध हळूहळू सोडणाऱ्या गोळ्या कापू नका, आणि ड्युलोक्सेटिनच्या कॅप्सूलमधले दाणे चुरडू नका, त्यांच्यावरचं आवरण पोटातल्या अ‍ॅसिडपासून औषध वाचवायला असतं. त्याहून बारीक डोस हवा असेल तर पातळ औषध मिळतं का ते डॉक्टरला विचारा, प्रिस्क्रिप्शनवर मिलिग्रॅम लिहून आणा, मागवून देता येतं का ते आम्ही बघतो.