उन्हाची सवय रक्तात नसते

आखातात कामाला निघालेल्या पोराला आपल्याकडे एक धीर हमखास दिला जातो : "तुले काई नाई होत तिथं, आपण त ब्रह्मपुरीच्या उन्हात वाढलो!" आणि चार वर्षं जर्मनीत राहून ऐन मे महिन्यात लग्नाला आलेला मुलगा मांडवात चक्कर येऊन बसला, की तीच मंडळी म्हणतात, पोरगा नाजूक झाला. दोन्हींमागे समजूत एकच : ऊन सोसणं वैदर्भीयांच्या रक्तातच असतं. तसं नाही. ही सवय शरीर दहा-चौदा दिवसांत घडवतं आणि ऊन सुटलं की महिनाभरात बरीचशी मोडून टाकतं.

उन्हात रोज तास-दीड तास घाम निघेल एवढं काम केलं, की चार-पाच दिवसांतच रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, वाढतो. अंग थंड करायला त्वचेकडे रक्त धाडायचं आणि स्नायूंनाही पुरवायचं, ही हृदयाची ओढाताण त्यामुळे कमी होते.

खरी कारागिरी पुढे आहे, घामाच्या ग्रंथींत. अंगभर वीस ते चाळीस लाख ग्रंथी असतात. प्रत्येक म्हणजे त्वचेत खोलवर गुंडाळी झालेली एक बारीक नळी. गुंडाळीत तयार होणारा घाम जवळपास प्लाझ्माइतकाच खारट असतो. तो वर चढताना नळीच्या भिंतीतल्या पेशी त्यातलं सोडियम आणि क्लोराइड परत ओढून घेतात, पाणी मात्र पुढे जाऊ देतात. मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीतून येणारं अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक या पेशींना कामाला लावतं. नवख्याच्या अंगात ही वसुली ढिली असते, एका लिटर घामाबरोबर तीन-चार ग्रॅम मीठ जातं. दोन आठवड्यांत ते एक-दोन ग्रॅमवर येतं, शिवाय घाम लवकर सुटतो आणि जास्त सुटतो. शहरातल्या सावलीच्या कामावरून येऊन तेंदूपत्ता तोडायला लागलेल्या माणसाच्या शर्टाची पाठ बघा. सुरुवातीला वाळलेल्या मिठाचे पांढरे पट्टे किती ठळक दिसतात! जन्मगावाचा वाटा एवढाच, की एकूण किती ग्रंथी चालू राहणार हे पहिल्या दोन-तीन वर्षांत ठरतं. जपानी शास्त्रज्ञ यास कुनो यांनी ते दाखवलं.

पण घाम वाळला तरच उपयोगाचा. एक लिटर घाम अंगावर वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, नुसता टपकला तर काहीच नाही. आपलं ऊन कोरडं. ४५ अंश तापमान आणि १० टक्के आर्द्रता असताना थर्मामीटरला ओलं फडकं गुंडाळलं, तर पारा २१ च्या आसपास उतरतो. म्हणून तर आपले कूलर चालतात. आखाताच्या किनाऱ्यावर ३६ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असेल, तर तोच पारा ३० वर अडतो. तापमान नऊ अंशांनी कमी, तरी अंग निवत नाही. कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी ३:३० उघड्यावर काम करायला बंदी आहे, ती उगीच नाही. आपण मात्र नुसत्या आकड्यामागे धावतो. मे २०२४ मध्ये नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, तो आकडा देशभर फिरला, आणि मग हवामान विभागाने यंत्रच सदोष असल्याचं सांगितलं.

ऊन लागू नये म्हणून खिशात ठेवलेल्या कांद्याने ना प्लाझ्मा वाढतो, ना घाम वाळतो. तो भाकरीसोबत खा, आणि पन्ह्यात मीठ घाला.

अमेरिकेतली कामगार-आरोग्य संस्था नायोश नव्या कामगारासाठी सांगते : पहिल्या दिवशी उन्हातलं काम पूर्ण वेळेच्या २० टक्क्यांपुरतंच, मग रोज फार तर तेवढीच वाढ. लग्नाला आलेल्या मुलालाही हाच हिशेब लावा, पहिल्याच दुपारी त्याला वावर दाखवायला नेऊ नका. दिवसभर एसीत बसूनही सवय होणार नाही, थोडा घाम यावाच लागतो. आणि सवय झालेल्यालाही उष्माघात होतो. माणूस असंबद्ध बोलू लागला तर त्याला सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि तसाच दवाखान्यात न्या.