निषेध

निषेध : एखादे कृत्य, निर्णय, वक्तव्य किंवा धोरण आपल्याला मान्य नाही, हे व्यक्तीने, सभेने, संस्थेने किंवा राज्याने औपचारिकपणे व जाहीरपणे सांगणे. आजच्या मराठीत हाच अर्थ रूढ आहे. संस्कृतातून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ मात्र ‘मनाई’ असा आहे. ‘निषिद्ध’, ‘विधिनिषेध’ या शब्दांत आणि पथ्यापथ्याच्या परिभाषेत तो अर्थ मराठीतही टिकून आहे.

‘सिध्’ या धातूला ‘नि’ हा उपसर्ग लागून हा शब्द बनतो. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या पारंपरिक यादीत, या धातूचा अर्थ ‘जाणे’ असा दिला असून ‘नि’ आणि ‘प्रति’ हे उपसर्ग लागल्यावर तो ‘रोखणे, मागे वळवणे’ या अर्थाकडे जातो. उपसर्गातील इकारामुळे मूळच्या ‘स’चा येथे ‘ष’ होतो. परंतु धातूचा गती हाच अर्थ अभिप्रेत असेल, तर हा बदल होत नाही, असे पाणिनीने ‘सेधतेर्गतौ’ (८.३.११३) या स्वतंत्र सूत्रात सांगितले आहे, म्हणून गाई हाकण्याच्या संदर्भात ‘परिसेधयति’ असे सकारयुक्त रूप होते. केवळ अर्थावरून वर्णाचा निर्णय करणारे हे सूत्र व्याकरणाच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहण्याजोगे आहे. ‘सिद्धी’ व ‘साध्य’ यांच्याशी या शब्दाचा संबंध जोडण्याचा मोह होतो, पण धातुपाठात त्यांचे धातू वेगळे आहेत.

या कल्पनेची सर्वांत काटेकोर मांडणी वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसाशास्त्राने केली. लौगाक्षी भास्कराच्या ‘अर्थसंग्रह’ या ग्रंथात वेदाचे विधी, मंत्र, नामधेय, निषेध आणि अर्थवाद असे पाच विभाग केले असून ‘पुरुषस्य निवर्तकं वाक्यं निषेधः’ अशी निषेधाची व्याख्या दिली आहे. विधी माणसाला कृतीकडे प्रवृत्त करतो, तर निषेध त्याला तिच्यापासून परतवतो. ‘न कलञ्जं भक्षयेत्’, म्हणजे कलंज (एक निषिद्ध खाद्य) खाऊ नये, हे त्याचे ठरलेले उदाहरण होय. निषेध पाळल्याने पुण्य पदरात पडत नाही, केवळ अनर्थ टळतो, असे मीमांसक मानतात. मात्र वाक्यात ‘न’ आला म्हणजे निषेध झालाच, असेही नाही. ‘उगवत्या सूर्याकडे पाहू नये’ हे वाक्य व्रताच्या प्रकरणात येत असल्यामुळे त्याचा अर्थ ‘न पाहण्याचा संकल्प करावा’ असा लावला जातो आणि त्याला निषेधाऐवजी पर्युदास म्हणतात. निंदेबद्दलही या शास्त्राने एक मार्मिक न्याय सांगितला आहे : शास्त्रातील निंदा ही निंद्य वस्तूला नावे ठेवण्यासाठी नसते, तर तिच्याहून वेगळ्या, विहित गोष्टीची प्रशंसा करण्यासाठी असते. आधुनिक सभांमधील कित्येक निषेधांनाही हा न्याय बिनदिक्कत लावता येईल.

धर्मशास्त्रातून आणि संतवाङ्मयातून मराठीत आलेला निषेध हा असा वरून खाली येणारा आहे. शास्त्र निषेध करते आणि माणूस तो पाळतो. आधुनिक मराठीत ही दिशा पालटली. वृत्तपत्रे, जाहीर सभा आणि ठराव यांच्या काळात जो निषेध रुळला, तो बहुधा ज्यांच्या हाती कृत्य थांबवण्याची सत्ता नाही त्यांच्याकडून, ज्यांच्या हाती ती आहे त्यांच्याविरुद्ध केला जातो. रोखण्याचे सामर्थ्य गेले आणि नोंदवण्याचे आले. म्हणूनच ‘निषेध नोंदवणे’ हा प्रयोग इतका स्वाभाविक वाटतो. शब्दाची रचनाही या अर्थाबरोबर बदलते : शास्त्राचा ‘अमुक गोष्टीस निषेध’ असतो, सभेकडून ‘अमुक गोष्टीचा निषेध’ होतो.

शेजारच्या हिंदीत असे घडले नाही. तेथे ‘प्रवेश निषेध’, ‘धूम्रपान निषेध’ हे फलक मनाईचेच असतात आणि बिहार सरकारच्या एका खात्याच्या नावात ‘मद्य निषेध’ आहे. मराठीने मनाईसाठी ‘मनाई’, ‘बंदी’ हे शब्द वापरले. १९४९ चा मुंबईचा कायदा मराठीत ‘दारूबंदी अधिनियम’ म्हणून ओळखला जातो. त्यामुळे निषेध हा शब्द जणू मोकळा झाला. उलट जेथे मराठी माणूस निषेधाचा ठराव करतो, तेथे हिंदीत ‘निंदा प्रस्ताव’ येतो.

या दोन अर्थांची सर्वांत ठळक गाठ महाडला पडली, असे म्हणता येईल. २५ डिसेंबर १९२७ रोजी तेथील सत्याग्रह परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन करण्यात आले. त्यासंबंधीचा ठराव गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला होता. कोणी काय करू नये हे जन्मावरून ठरवणाऱ्या ग्रंथाचाच, त्या निषेधांखाली भरडल्या गेलेल्यांनी भरसभेत निषेध केला.

जाहीर निषेधाची साधने अनेक आहेत : घोषणा (‘निषेध असो’), काळे झेंडे, काळ्या फिती लावून काम करणे, मूक मोर्चा, सभात्याग, तहसीलदारांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना द्यावयाचे निवेदन. राष्ट्राराष्ट्रांमधील व्यवहारात परराष्ट्र खाते दुसऱ्या देशाच्या वकिलातीकडे निषेध खलिता धाडते. ‘खलिता’ हे पत्रे ठेवण्याच्या थैलीचे जुने दरबारी नाव या शब्दप्रयोगात अजून वापरात आहे.

निषेध आणि ठपका यांत गल्लत होऊ नये. ठपका ठेवण्यासाठी ठेवणाऱ्याचा अधिकार लागतो. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ यांनुसार ठपका ही किरकोळ शिक्षांपैकी पहिली शिक्षा आहे आणि ती शिक्षाच असल्यामुळे कर्मचाऱ्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय देता येत नाही. वरिष्ठाने नुसती समज देणे या सदरात मोडत नाही. न्यायालयाने निकालपत्रात ओढलेले ताशेरेही अधिकाराचेच असतात, निषेधाचे नव्हेत.

संसदीय व्यवहारातील निंदाव्यंजक ठराव निषेध आणि ठपका या दोहोंच्या मध्ये बसतो. अविश्वासाचा ठराव संपूर्ण मंत्रिमंडळाविरुद्धच आणावा लागतो, लोकसभेत तो दाखल होण्यासाठी किमान पन्नास सदस्यांचा पाठिंबा लागतो, त्यात कारणे द्यावी लागत नाहीत आणि तो संमत झाल्यास सरकारला जावे लागते. निंदाव्यंजक ठराव एकट्या मंत्र्याविरुद्धही आणता येतो. त्यात कोणत्या कृतीबद्दल वा धोरणाबद्दल निंदा करावयाची ते स्पष्ट नमूद करावे लागते, आणि तो संमत झाला तरी राजीनामा देणे घटनेने बंधनकारक केलेले नाही.