नव्ह-शापेल

उत्तर फ्रान्सच्या पा-द-काले जिल्ह्यातील एक लहान ग्रामीण कम्यून. बेत्यून उपविभागात मोडणाऱ्या या गावाची लोकवस्ती हजार-दीड हजारांच्या घरात आहे. शिवार सपाट आणि पाणथळ. थोडे खणले तरी पाणी लागते. पूर्वेला ओबेरची टेकडी आहे. चढ जेमतेम पंधरा-वीस मीटरचा, पण तिच्या माथ्यावरून सगळे शिवार नजरेच्या टप्प्यात येते आणि तिच्या पलीकडे लील शहर आहे. पहिल्या महायुद्धात या गावाची धूळधाण झाली ती मुख्यतः या जागेमुळे.

ऑक्टोबर १९१४ मध्ये जर्मनांनी गाव घेतले. २८ ऑक्टोबरला ४७ वी शीख पलटण आणि खडकीच्या ‘थर्ड सॅपर्स अँड मायनर्स’च्या २० व २१ क्रमांकाच्या कंपन्या घराघरांतून लढत गावात शिरल्या, पण त्यांना टिकून राहता आले नाही. सॅपर्सचे सगळे ब्रिटिश अधिकारी ठार किंवा जखमी झाले. पूल बांधणाऱ्या, सुरुंग लावणाऱ्या कसबी जवानांना पायदळासारखे हल्ल्यात झोकणे ही निव्वळ उधळपट्टी होती. ही तुकडी म्हणजेच आजचे बॉम्बे सॅपर्स.

१० ते १३ मार्च १९१५ ची लढाई अधिक प्रसिद्ध आहे. विमानातून काढलेल्या छायाचित्रांवरून जर्मन खंदकांचे नकाशे केले होते. ३५ मिनिटांच्या तोफमाऱ्यानंतर पहिल्याच दिवशी गाव हाती आले. त्यानंतर मात्र टेलिफोनच्या तारा तुटल्या, हुकूम उशिरा पोहोचू लागले आणि ओबेरची टेकडी शत्रूकडेच राहिली. ब्रिटिश व भारतीय मिळून ११ हजारांहून अधिक सैनिक ठार, जखमी वा बेपत्ता झाले. त्यांत भारतीय सुमारे ४,२००. गढवाल रायफल्सचे गबर सिंग नेगी यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

एप्रिल १९१८ मध्ये याच भागात जर्मन हल्ल्यापुढे ब्रिटिशांच्या बाजूने लढणाऱ्या पोर्तुगीज फौजेची फळी फुटली. उद्ध्वस्त गावात उभा राहिलेला ख्रिस्ताचा भग्न पुतळा १९५८ मध्ये पोर्तुगालला देण्यात आला. तो आता बाताल्याच्या मठात आहे.

गाव युद्धानंतर नव्याने बांधले गेले. पश्चिम आघाडीवर पडलेल्या, पण ज्यांची थडगी ठाऊक नाहीत अशा ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे हर्बर्ट बेकर यांनी आराखडा केलेल्या वर्तुळाकार स्मारकावर कोरली आहेत. ते ७ ऑक्टोबर १९२७ रोजी खुले झाले. स्मारक नव्ह-शापेलच्या नावाने ओळखले जात असले, तरी त्याची जागा शेजारच्या रिशबूर कम्यूनच्या हद्दीत येते.