नाभी वेगळी, प्रतिमेची जागा वेगळी

भिंगाशी आपली पहिली गाठ बहुधा उन्हात पडते. बहिर्वक्र भिंग उन्हात धरायचं, खाली कागद ठेवायचा, भिंग वरखाली करत प्रकाशाचा ठिपका बारीक करत न्यायचा, आणि कागद काळा पडून धूर निघाला की हरखून जायचं. पुढे वर्गात कळतं की त्या ठिपक्याच्या जागेला नाभी म्हणतात. तेव्हापासून डोक्यात एक समजूत घट्ट बसते: भिंग किरणांना नाभीत गोळा करतं, म्हणून प्रतिमाही नाभीतच पडते.

सूर्यापुरतं हे बरोबर आहे. मेणबत्तीसाठी, पुस्तकातल्या अक्षरासाठी, समोर उभ्या माणसाच्या चेहऱ्यासाठी ते चूक आहे. हा फरक एकदा नीट उमगला की भिंगांच्या धड्यातला निम्मा भाग पाठ करावाच लागत नाही, असं मला मनापासून वाटतं.

नाभीच्या व्याख्येत एक शब्द आहे, त्यावरून आपण घाईने पुढे सरकतो: समांतर. मुख्य अक्षाला, म्हणजे भिंगाच्या मध्यातून आरपार जाणाऱ्या सरळ रेषेला, समांतर आलेले किरण भिंगातून पार झाल्यावर ज्या बिंदूत मिळतात ती नाभी. सूर्य इतका दूर आहे की त्याचे किरण जवळजवळ समांतरच येतात, म्हणून त्याची प्रतिमा नाभीत पडते. आता मेणबत्तीच्या ज्योतीचं टोक घ्या. तिथून निघालेले किरण चहूकडे पसरतात आणि पसरत पसरतच भिंगावर येऊन पडतात. ते पुन्हा जिथे एकत्र येतील तिथे त्या टोकाची प्रतिमा. नाभी कुठे असणार हे भिंगाची काच आणि गोलाई ठरवते (भोवतालचं माध्यमही, कारण तेच भिंग पाण्यात बुडवलं तर नाभीय अंतर, म्हणजे भिंगापासून नाभीपर्यंतचं अंतर, जवळजवळ चौपट होतं). प्रतिमेची जागा मात्र वस्तू कुठे आहे यावरही अवलंबून असते. वस्तू हलली की प्रतिमा हलते, नाभी जागची हलत नाही.

असं का होतं ते भिंगाच्या आत शिरून पाहू. हवेत सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावणारा प्रकाश काचेत सुमारे २ लाखांवर येतो, म्हणून तिरक्या पृष्ठभागातून आत शिरताना किरण वळतो आणि बाहेर पडताना पुन्हा वळतो. बहिर्वक्र भिंगात ही वळणं किरणाला जाड मध्याकडे झुकवतात. भिंगाच्या मध्यातून जाणारा किरण जवळपास सरळच जातो. काठाकडे भिंगाच्या दोन बाजू एकमेकींकडे जास्त कललेल्या असतात, त्यामुळे तिथला किरण जास्त वळतो. भिंग पातळ असेल आणि किरण अक्षाच्या आसपासचे असतील, तर किरणाला किती वळण मिळणार हे तो अक्षापासून किती उंचीवर पडला एवढ्यावरच ठरतं. तो कुठून आला, याची भिंग चौकशी करत नाही.

नाभीय अंतर १० सेंटिमीटर असलेलं भिंग घ्या आणि अक्षापासून १ सेंटिमीटर उंचीवर पडणाऱ्या एकाच किरणाचा हिशेब मांडा. किरण समांतर आला तर भिंग त्याला असं वळवतं की दर १० सेंटिमीटरला तो १ सेंटिमीटर खाली उतरतो. म्हणजे १० सेंटिमीटरवर तो अक्षाला मिळतो. ही झाली नाभी.

आता ज्योत अक्षावर ३० सेंटिमीटर अंतरावर ठेवा. त्याच उंचीवर पडणारा किरण आता वर चढत आलेला आहे: ३० सेंटिमीटरमध्ये १ सेंटिमीटर. भिंग त्याला तेवढंच वळण देतं, १० ला १, म्हणजे ३० ला ३. त्यातलं ३० ला १ एवढं वळण त्याची चढण मोडण्यातच खर्ची पडतं. उरतं ३० ला २, म्हणजे १५ ला १. किरण अक्षाला १५ सेंटिमीटरवर भेटतो, आणि प्रतिमा तिथे पडते, नाभीच्या ५ सेंटिमीटर पलीकडे. पाठ्यपुस्तकातलं व्यस्तांकांचं सूत्र म्हणजे हीच वजाबाकी: १/१० मधून १/३० गेले, उरले १/१५.

ज्योत जवळ आणत जा. २० सेंटिमीटरवर असताना प्रतिमा २० वर जाते, १५ वर असताना ३० वर, १२ वर असताना थेट ६० वर. ज्योत नेमकी नाभीत, १० सेंटिमीटरवर ठेवली, तर सगळं वळण चढण मोडण्यातच संपतं आणि किरण समांतर बाहेर पडतात, पडद्यावर काहीच उमटत नाही. आणखी जवळ, ५ सेंटिमीटरवर आणली, तर वळण पुरतच नाही. किरण पलीकडेही पसरतच राहतात, फक्त थोडे कमी, आणि मागे वाढवून पाहिले तर ज्योतीच्याच बाजूला, भिंगापासून १० सेंटिमीटरवरून आल्यासारखे दिसतात. तिथे सुलट, दुप्पट मोठी, आभासी (पडद्यावर न पडणारी) प्रतिमा दिसते. अक्षरं मोठी करून वाचताना आपण भिंग असंच धरतो.

घोटाळ्याला आकृतीही हातभार लावते. समांतर किरण भिंगातून नाभीकडे आणला की पेन्सिल तिथेच थांबावीशी वाटते. पण वस्तू समोर कुठेतरी जवळ असेल तर नाभी हा त्या किरणाच्या वाटेवरचा एक टप्पा आहे. किरण तिच्यातून पार होतो, पुढे जातो, आणि त्याच बिंदूतून निघालेल्या दुसऱ्या किरणाला जिथे गाठतो तिथे प्रतिमा होते.

हे हाताने करून पाहण्यासारखं आहे. अंधाऱ्या खोलीत खिडकीपासून १ मीटरवर तेच १० सेंटिमीटरचं भिंग धरा आणि मागे पांढरा कागद पुढेमागे करा. कागद भिंगापासून साधारण ११ सेंटिमीटरवर असताना खिडकीचे गज उलटे, रेखीव उमटतात, पण बाहेरचं झाड पुसट राहतं. कागद सेंटिमीटरभर भिंगाकडे सरकवा. झाडाच्या फांद्या स्पष्ट होतात आणि गज विरघळतात. नाभी तीच, भिंग तेच, प्रतिमा दोन जागी.

‘फोकस’ या शब्दाने गोंधळ आणखी वाढवलाय. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ चूल, आणि खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६०४ मध्ये तो भूमितीतल्या वक्रांसाठी वापरला. आज भिंगाच्या नाभीलाही फोकस म्हणतात आणि फोटो काढताना चित्र स्पष्ट करण्यालाही फोकस करणं म्हणतात. दुसऱ्या अर्थाचा नाभीशी थेट संबंध नाही, तिथे प्रतिमा सेन्सरवर आणायची असते. साध्या रचनेच्या ५० मिलिमीटर लेन्सने अर्ध्या मीटरवरचा चेहरा टिपायचा तर प्रतिमा सुमारे ५५.६ मिलिमीटरवर पडते, म्हणून लेन्स साडेपाच मिलिमीटर पुढे सरकवावी लागते. आपल्या डोळ्यात पडद्यापर्यंतचं अंतर बदलता येत नाही, म्हणून तिथे उलटा मार्ग आहे: जवळचं पाहताना भिंग फुगतं आणि नाभीय अंतरच कमी होतं.

आता पुन्हा उन्हातल्या त्या ठिपक्याकडे. तो बिंदू नसतोच, ती सूर्याची उलटी प्रतिमा असते. तिचा व्यास नाभीय अंतराच्या सुमारे शंभराव्या भागाहून किंचित कमी असतो, म्हणून १० सेंटिमीटरच्या भिंगात ती जेमतेम मिलिमीटरभर असते आणि ठिपक्यासारखी दिसते. वाचायच्या चष्म्याची +१ नंबरची काच घ्या. तिचं नाभीय अंतर १ मीटर, आणि तेवढ्या अंतरावरच्या कागदावर ९ मिलिमीटरची गोल चकती उमटते. काचेतून सूर्याकडे डोळा मात्र कधीही लावू नका, पाहायचं ते कागदावर. खंडग्रास ग्रहणात हाच प्रयोग केला तर त्या चकतीचा एक तुकडा खाल्लेला दिसतो, आणि तो सूर्याच्या ज्या बाजूने खाल्लेला असतो त्याच्या नेमका उलट बाजूला.