फायटर पायलट व्हायचंय? आधी शरीराची चार मापं घ्या: हवाई दलाची पात्रता, अर्ज, कागदपत्रं आणि प्रशिक्षण

"उंची १६४ आहे, पायलटसाठी चालेल ना?" हवाई दलाची तयारी करणाऱ्या मुलामुलींचा पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो. त्याचं खरं उत्तर असं की नुसत्या उंचीवरून काहीच सांगता येत नाही. भारतीय हवाई दलाच्या उड्डाण शाखेत चार मापं बघतात आणि चारही बसावी लागतात. १६४ उंचीचा एक जण निवडला जातो आणि त्याच उंचीचा दुसरा पाय आखूड म्हणून परत येतो. दोन वर्षं क्लास लावून, लेखी पास होऊन, मुलाखत मंडळापर्यंत पोहोचल्यावर ही गोष्ट कळण्यापेक्षा आज घरी टेप घेतलेली बरी. म्हणून अर्जाच्या आधी मापं.

उंची किमान १६२.५ सेंमी.
बसून मोजलेली उंची किमान ८१.५ सेंमी, कमाल ९६ सेंमी.
पायाची लांबी किमान ९९ सेंमी, कमाल १२० सेंमी.
मांडीची लांबी कमाल ६४ सेंमी.

मुलगा असो की मुलगी, आकडे हेच. ग्राउंड ड्युटी शाखांमध्ये पुरुषांना १५७.५ आणि महिलांना १५२ सेंमी उंची चालते. ते आकडे वाचून उड्डाण शाखेचा अर्ज भरणारेही बरेच असतात, म्हणून जाहिरातीतला शाखेचा रकाना नीट बघा.

मोजायचं कसं? भिंतीला लागून सपाट, कडक बाकावर किंवा जमिनीवर बसा. पाठ, डोकं आणि कंबरेचा मागचा भाग भिंतीला टेकलेला, नजर समोर. बैठकीपासून टाळूपर्यंतचं अंतर म्हणजे बसून मोजलेली उंची. त्याच बैठकीत पाय समोर सरळ पसरा: भिंतीपासून टाचेपर्यंत पायाची लांबी. मग गुडघे काटकोनात वाकवून भिंतीपासून गुडघ्याच्या वाटीच्या पुढच्या टोकापर्यंत मांडीची लांबी. घोटाळा होतो तो पायाच्या लांबीत. मांडीमागचे स्नायू आखडलेले असले की गुडघा पूर्ण सरळ होत नाही, नाहीतर कंबर भिंतीपासून सुटते आणि माप चुकतं. एका कोणाला तरी शेजारी बसवून गुडघा खाली दाबून धरायला सांगा. उंची सकाळी थोडी जास्त भरते आणि संध्याकाळी कमी, कारण दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबतात. तेव्हा काठावर असाल तर संध्याकाळचं माप खरं धरा. लटकून हाडं वाढत नाहीत. "तीन महिन्यांत उंची वाढवा" म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका.

एनडीएच्या, म्हणजे बारावीनंतर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत जाणाऱ्या, उमेदवारांना मात्र थोडी सवलत आहे. वय कमी, वाढ बाकी असते. त्यामुळे उंचीत ५ सेंमी, पायाच्या लांबीत २.५ सेंमी आणि बसून मोजलेल्या उंचीत १ सेंमीपर्यंत कमी असलेलं चालू शकतं, पण वाढ शिल्लक आहे हे एक्स-रेवरून तज्ज्ञाने प्रमाणित केलं तरच. उड्डाण प्रशिक्षण सुरू होण्याआधी पुन्हा तपासणी होते आणि तेव्हा पूर्ण माप भरावंच लागतं.

ही मापं कशासाठी

कॉकपिटमध्ये दोन गोष्टी सरकवता येतात. खुर्ची वर-खाली होते आणि पायांशी असलेले रडर पेडल पुढे-मागे होतात. बसून उंची कमी असली की खुर्ची पूर्ण वर घेऊनही विमानाच्या नाकापलीकडे दिसत नाही, आणि उतरताना धावपट्टी नेमकी तिथेच असते. बसून उंची जास्त असली की हेल्मेट वरच्या काचेला लागतं. पाय आखूड असला तर पेडल शेवटपर्यंत दाबून वर ब्रेक मारता येत नाही.

मांडीचं काय करणार? तिच्यासाठी सरकवण्याजोगं काहीच नाही. आणि तिचा संबंध विमान चालवण्यापेक्षा विमान सोडण्याशी जास्त आहे. इजेक्शनची, म्हणजे आणीबाणीत खुर्चीसकट विमानाबाहेर फेकलं जाण्याची, कडी ओढली की खुर्ची रुळांवरून सरळ वर सुटते. हॉकसारख्या प्रशिक्षण-जेट विमानात डोक्यावरच्या काचेत स्फोटक तार बसवलेली असते, ती आधी काच फोडते. त्या क्षणी गुडघे समोरच्या उपकरण-पटलाच्या किंवा काचेच्या चौकटीच्या रेषेत आले तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून मांडीच्या मापाला फक्त ६४ सेंमीची वरची मर्यादा आहे, खालची नाही. चांगला सव्वासहा फुटी, धडधाकट मुलगा इथे अडकू शकतो. उंचीची वरची मर्यादा अशी या तीन मापांतच दडलेली आहे.

प्रवेशाच्या वेळी कोण पुढे सुखोई उडवणार आणि कोण मालवाहू विमान, हे ठरलेलं नसतं. त्यामुळे सगळ्यांना एकच मोजपट्टी लागते. अमेरिकेच्या हवाई दलाने २०२० मध्ये उंचीची सरसकट अट काढली आणि प्रत्येकाचं माप विमानाप्रमाणे तपासायला सुरुवात केली. आपल्याकडे तसं नाही, तेव्हा ती बातमी दाखवून वाद घालण्यात अर्थ नाही.

डोळे

एका डोळ्याने ६/६ आणि दुसऱ्याने ६/९ दिसायला हवं. मायनस नंबर चालत नाही. रंग ओळखण्याची पातळी सीपी-१, म्हणजे सर्वांत कडक. लेसिक किंवा पीआरके (नंबर घालवण्याच्या लेसर शस्त्रक्रिया) केलेलं चालतं, पण शस्त्रक्रिया वयाच्या २० वर्षांनंतर झालेली असावी आणि तपासणीआधी किमान १२ महिने उलटलेले असावेत. याशिवाय बुबुळाची जाडी, डोळ्याची लांबी अशा अटी आहेतच. याचा सरळ अर्थ असा की एनडीएसाठी लेसिकचा मार्ग बंद आहे, कारण २० वर्षं पूर्ण होईपर्यंत एनडीएचं वयच निघून जातं. सतराव्या वर्षी घाईने डोळ्यांचं ऑपरेशन करून घेणाऱ्याचं दोन्हीकडून नुकसान होतं: एनडीए मिळत नाही आणि पुढच्या मार्गांसाठीही ते ऑपरेशन नियमात बसत नाही.

अर्ज कोणत्या मार्गाने

एनडीए: यूपीएससीची परीक्षा, वर्षातून दोनदा. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस, बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित. बारावीत शिकत असतानाही अर्ज करता येतो. लेखी ९०० गुणांची (गणित ३००, सामान्य क्षमता ६००) आणि तेवढ्याच गुणांची एसएसबी, म्हणजे मुलाखत मंडळाच्या चाचण्या. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मुलींनाही ही परीक्षा खुली झाली.

सीडीएस: हीसुद्धा यूपीएससीची, पदवीनंतरची. हवाई दलासाठी वय २० ते २४, बारावीला भौतिकशास्त्र-गणित असलेली कोणतीही पदवी किंवा इंजिनिअरिंग. हवाई दलाच्या जागा इथे फक्त पुरुषांना.

एएफकॅट: ही परीक्षा हवाई दल स्वतः घेतं, स्त्री-पुरुष दोघांसाठी. वय २० ते २४, डीजीसीएचं (नागरी विमान वाहतुकीचं सरकारी खातं) व्यावसायिक वैमानिक परवानापत्र असेल तर २६ पर्यंत. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित या प्रत्येकात किमान ५० टक्के, पदवीला ६० टक्के. शंभर प्रश्न, ३०० गुण, बरोबर उत्तराला ३ आणि चुकीला वजा १. या मार्गाने उड्डाण शाखेत १४ वर्षांचं शॉर्ट सर्व्हिस कमिशन, म्हणजे ठरावीक मुदतीची अधिकारीपदाची नेमणूक, मिळते.

एनसीसी स्पेशल एंट्री: एअर विंग सीनियर डिव्हिजनचं 'सी' सर्टिफिकेट असेल तर लेखी परीक्षाच नाही, थेट मुलाखत मंडळ. इतका सोपा दरवाजा असून कॉलेजमध्ये एअर विंग आहे की नाही याची चौकशी फार कमी जण करतात.

२५ वर्षांखालचा उमेदवार अविवाहित हवा, प्रशिक्षण संपेपर्यंत लग्न नाही. जन्मतारखेची नेमकी चौकट दर जाहिरातीत छापलेली असते, एका दिवसाने बाहेर असाल तरी बाहेरच. आणि अग्निवीर वायू भरतीतून वैमानिक होता येत नाही, तो वेगळा मार्ग आहे.

मुलाखत मंडळ आणि एकदाच मिळणारी संधी

लेखी पास झालात की डेहराडून, म्हैसूर, गांधीनगर, वाराणसी अशा ठिकाणच्या एअर फोर्स सिलेक्शन बोर्डाचं कॉल लेटर येतं. पहिल्या दिवशी बुद्धिमत्ता चाचणी आणि चित्र पाहून गोष्ट लिहिणं, मग त्यावर गटचर्चा. बरेच जण त्याच संध्याकाळी घरी जातात. उरलेल्यांच्या मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानावरची गटकामं आणि मुलाखत होते.

मंडळाने रेकमेंड केलेल्या, म्हणजे पसंत केलेल्या, उड्डाण शाखेच्या उमेदवारांना नंतर सीपीएसएस द्यावी लागते. ही संगणकावरची वैमानिक निवड चाचणी. तिच्यात उपकरणांचे काटे वाचणं असतं, आणि हाताने दांडा, पायाने पेडल सांभाळत पडद्यावरची खूण जागेवर ठेवणंही असतं. उंची आणि पायांची मापंही तिच्याआधी मंडळावरच घेतली जातात. सीपीएसएस आयुष्यात एकदाच देता येते. सतराव्या वर्षी एनडीएमधून गेलात आणि तिथे नापास झालात तर बाविसाव्या वर्षी एएफकॅटमधून पुन्हा उड्डाण शाखेत येता येत नाही. ग्राउंड ड्युटी, लष्कर, नौदलाच्या इतर शाखा खुल्या राहतात. म्हणून "बघू तरी काय असतं" म्हणून हवाई दलाला पहिली पसंती टाकणं महागात पडतं. त्या दिवशी रात्रीचं जागरण, सर्दी, आजारपण असं काही अंगावर घेऊन जाऊ नका. बाकी क्लासमध्ये घोकून घेण्यासारखं तिच्यात फारसं नाही.

वैद्यकीय तपासणी

ही दिल्लीच्या वैद्यकीय तपासणी केंद्रात किंवा बेंगळुरूच्या एरोस्पेस मेडिसिन संस्थेत होते. बाकी शाखांपेक्षा वेगळं म्हणजे इथे मणक्याचे मानेपासून कंबरेपर्यंत एक्स-रे काढतात. इजेक्शनच्या झटक्याचा सगळा भार मणक्यावर येतो, तेव्हा बाक किंवा मणक्यातला जन्मजात दोष लपून राहत नाही. मेंदूचा ईईजीही काढतात. नाकाचं हाड, कानाचा पडदा, वजन अशा दुरुस्त होण्यासारख्या गोष्टी असतील तर मंडळाला जाण्याआधीच डॉक्टरला दाखवून घ्या. अनफिट ठरवलं तर अपील मंडळाकडे आणि त्यानंतर पुनर्विलोकन मंडळाकडे जाता येतं. अपिलाची मुदत हातात दिलेल्या कागदावर लिहिलेली असते, तो कागद तिथेच उभं राहून वाचा.

शेवटची यादी लेखी आणि मुलाखत मंडळ यांच्या गुणांवर लागते. मेडिकल फिट म्हणजे निवड नव्हे, जागांइतकीच नावं येतात.

कागदपत्रं

दहावीचं प्रमाणपत्र (जन्मतारखेचा पुरावा हाच धरतात), दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदवीच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका आणि पदवी किंवा प्रोव्हिजनल प्रमाणपत्र, आधार, कॉल लेटर, पासपोर्ट आकाराचे फोटो. शेवटच्या वर्षाला असाल तर एकही विषय राहिलेला नाही असं प्राचार्यांचं पत्र. ग्रेड असतील तर विद्यापीठाचं टक्केवारीचं सूत्र, कारण ६० टक्क्यांची अट तिथेच अडते. सरकारी नोकरीत असाल तर ना-हरकत प्रमाणपत्र. एनसीसी, वैमानिक परवाना असेल तो. मूळ प्रती आणि सेल्फ अटेस्टेड झेरॉक्सचे दोन संच.

आपल्याकडची खास डोकेदुखी नावाची. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर क्रम उलटा. पदवीवर वडिलांच्या नावाचं फक्त अक्षर. अर्ज भरताना दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे भरा आणि आधार त्याच्याशी जुळवून घ्या. जाहिरात निघण्याआधी, निघाल्यावर नाही. स्पेलिंगमध्ये खरोखर फरक असेल तर प्रतिज्ञापत्र जवळ ठेवा.

निवड झाल्यावर

एनडीएवाले तीन वर्षं खडकवासल्याच्या प्रबोधिनीत, मग हैदराबादजवळ दुंडीगलच्या एअर फोर्स अकादमीत. बाकी मार्गांचे थेट दुंडीगलला. तिथे पहिलं विमान पिलाटस पीसी-७, हे २०१३ पासून वापरात आहे. प्रशिक्षकाबरोबरची उड्डाणं, मग एकट्याने पहिलं उड्डाण, मग कसरती, उपकरणांवरचं आणि रात्रीचं उड्डाण. जमिनीवर वायुगतिशास्त्र, हवामान, दिशादर्शन, इंजिनं. या गुणांवर आणि गरजेवर लढाऊ, मालवाहू की हेलिकॉप्टर हा फाटा ठरतो.

लढाऊ विमानांच्या मुलांचा पुढचा टप्पा वर्षानुवर्षं हकीमपेठला किरण विमानावर झाला. कमिशन मिळाल्यावर बिदरला हॉक. २००८ मध्ये हॉक आलं तोवर नवखे वैमानिक साध्या जेटवरून जवळजवळ थेट मिग-२१ वर जात. अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंह या पहिल्या तिघी जून २०१६ मध्ये कमिशन घेऊन याच क्रमाने हॉकवर गेल्या. गुरुत्वाचा ताण सोसण्याचं शिक्षण बेंगळुरूच्या सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे माणसाला वेगाने गोल फिरवणाऱ्या यंत्रात, होतं: पाय-पोट आवळून, ठरावीक लयीत श्वास रोखत रक्त डोक्यात टिकवायचं. इथे बुटक्या, मजबूत बांध्याला थोडा फायदाच, कारण हृदयापासून मेंदूचं अंतर कमी.

कॅडेट असताना अखेरच्या वर्षात महिना ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळतं. उड्डाण जमत नाही म्हणून प्रशिक्षणातून काढलेल्या कॅडेटला पुढे कुठल्याही मार्गाने उड्डाण शाखेचा अर्ज करता येत नाही. जागा आणि पात्रता असेल तर ग्राउंड ड्युटीसाठी विचार होऊ शकतो.